आंबा उभा करून कापायचा

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तो थंडीत. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय ओढत का होईना चालत होते. उजवा हात मात्र मांडीवर नुसता पडून असायचा. बोटं हलायची, पण मूठ वळायची नाही. डॉक्टर म्हणाले होते, हाताला काहीतरी काम देत राहा.

आईवडील पेणला, रामवाडीत राहतात. मी लग्नानंतर रोह्यात. रविवारी सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळी परत.

आमच्याकडे आंबे कापायचं काम वडिलांचं. बाकी सगळी चिराचिरी आई करायची, पण आंब्याची पाटी आली की तेच विळीवर बसायचे. मे महिन्यात मी हापूस घेऊन गेले. मीच कापले, साल काढून फोडी केल्या. आईने एक फोड चमच्यात घेऊन त्यांच्या तोंडापाशी नेली. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"अहो, एक तरी खा."

"मी काय तान्हं पोर हाय?" म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

पुढच्या रविवारी गेले तर उरलेले आंबे खाटेखाली तसेच, काळे डाग पडलेले. एकटीने खायला आईचं मन झालं नव्हतं.

रोहा स्टेशनबाहेर एक बाई आंबे विकायला बसायची; ते हापूस तिच्याकडूनच घेतले होते. नदीपलीकडच्या वाडीवरची, माझ्याच वयाची असेल. त्यानंतरच्या रविवारी मी तिच्यासमोरून तशीच पुढे निघाले, तर तिने हटकलं, "आज नाय घेत, ताई?"

का कोण जाणे, मी थांबले आणि तिला सगळं सांगितलं. वडिलांना उजव्या हातात काही धरता येत नाही, आणि दुसऱ्याने भरवलेलं त्यांना चालत नाही.

"धरायचा कशाला?" ती म्हणाली. "ह्यो बघ."

तिने डावा हात पुढे केला. वीटभट्टीवर भाजलेला, बोटं ताठ झालेली. मग एक आंबा घेतला, देठाकडची चकती कापून बूड सपाट केलं आणि फळीवर उभा ठेवला. ताठ बोटं वर नुसती टेकवली. "कोय चपटी आसते. आंब्याची रुंद बाजू बघायची न् मधलं बोटभर सोडून सुरी सरळ खाली आनायची. दोन्हीकडनं." कोयीच्या दोन बाजूंचे दोन गाल सुटून पडले. एका गालावर तिने सुरीने उभ्याआडव्या रेघा मारल्या, साल न कापता, आणि खालून अंगठ्याने दाबलं. चौकोनी फोडी वर उमलल्या. तो गाल तिने मलाच खायला दिला.

त्या दुपारी पेणला तिच्याकडचेच आंबे घेऊन मी पाट मांडला, खाली ओलं फडकं घातलं, म्हणजे सरकायला नको. वडील बघत होते. मी बूड कापून दिलं आणि त्या बाईची रीत सांगून सुरी पुढे ठेवली. बराच वेळ त्यांनी हात लावला नाही. मग डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि आंब्यावर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा.

पहिल्या खेपेला डाव्या हातातली सुरी कोयीत अडकली. आई पुढे सरसावली. मी तिचा पदर धरला.

"सुरी बोथट हाय," वडील म्हणाले. आंबा जरा फिरवला, वाकून वरून नीट पाहिला आणि पुन्हा सुरी लावली. ह्या वेळी गाल सुटला. वाकडा, एका बाजूला जाड, पण सुटला. रेघा मारताना दोन ठिकाणी साल फाटली. उलटवायला मात्र त्यांनी तो माझ्याकडे दिला, आणि ही मदत मागताना त्यांच्या आवाजात कसलाच संकोच नव्हता.

पहिला गाल त्यांनी आईपुढे केला. ती म्हणाली, "तुम्ही घ्या आधी." ते म्हणाले, "घे गो, कापलाय मी."

उजवा हात पूर्ण सुधारला नाही. शर्टाची बटणं अजून आई लावते. पण पावसाळा लागेपर्यंत घरातला एकही आंबा दुसऱ्या कुणी कापला नाही. मी मात्र पुष्कळ दिवस विचार करत राहिले. त्यांची सेवा म्हणून मी जे जे करत होते, त्यातलं किती त्यांच्यासाठी होतं आणि किती मला बरं वाटावं म्हणून, ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्या दुपारी मी फक्त आईचा पदर धरून बसले होते, आणि तेवढं बसणंसुद्धा मला जड गेलं होतं.