अर्ध्या दाढीचे गृहस्थ

बिबवेवाडीतल्या सलूनमध्ये मी क्रिकेट लावायला सांगणार, तोच खुर्चीतले गृहस्थ अर्धी दाढी सोडून टीव्हीसमोर उभे राहिले. संसदेत मंत्री गावांच्या पाणीयोजनांवर उत्तर देत होते. लोणी काळभोरकडच्या आपल्या वस्तीचं नाव ऐकताच गृहस्थांनी अशी मान डोलावली, की फेस थेट माझ्या चष्म्यावर!

मी पुणेकर, गप्प कसा बसणार? म्हटलं, "अहो, नुसतं आश्वासन आहे ते."

"हाय की," ते हसले. "पण भर सभागृहात नाव घेतलंय. आता अशी वस्तीच न्हाई, असं म्हनायची हापिसातल्या सायबांना सोय ऱ्हायली न्हाई."

लगेच त्यांनी घरी फोन लावला. "अगं, नळ येतोय! घागर घासून ठेव!"

"आधी दाढी तर उरका!" पलीकडून बायको ओरडली.

सगळं सलून हसलं. मी क्रिकेट विसरून, फेसाळ चष्म्यातूनच मंत्र्यांचं पुढचं उत्तर ऐकू लागलो.