तात्या वैद्यांचं जहाल भाषण

मी एका ऐतिहासिक भाषणाचा साक्षीदार आहे. पहिल्या रांगेत, खुर्चीवर. त्या खुर्चीवर मी काय केलं ते मात्र आजवर कुणालाच — घरातही — सांगितलेलं नाही.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. भोकरदनला नगर कमिटीची निवडणूक होती आणि तात्या वैद्य उभे होते. समोरचे लोक त्यांना बागी, म्हणजे बंडखोर, म्हणत. त्यांच्याच बाजूची पोरं ते फार मवाळ म्हणून कुरकुरत. यावरून सभांत बाचाबाची व्हायची. पोलिसांच्या अमीनसाहेबांना मराठी येत नव्हतं आणि मला उर्दू येत होती — सरकारी शाळेत मास्तर होतो ना. तेव्हा सभेला बसून अहवाल लिहिणं माझ्या गळ्यात पडलेलं. गावाला ते ठाऊक होतं.

सभा दुपारची, चिंचेखाली. हार झाले, मग अध्यक्षांचे गुण — अध्यक्ष तीन होते. मी जेवून गेलो होतो. तात्या बोलायला उठलेले आठवतात. पुढचं आठवत नाही, कारण मला झोप लागली. जाग आली तेव्हा लोक उभे राहून ओरडत होते.

संध्याकाळी अमीनसाहेब म्हणाले, "मास्टरसाब, बागी है क्या नइं? बस इत्ता लिखो."

झोपलो होतो म्हणालो असतो तर? नोकरी गेली असती? बहुतेक नाही — हसले असते. पण पहिल्या रांगेतल्या माणसाचं हसं व्हावं? मी लिहिलं: बागी. भाषणानं सभा भडकली.

तात्यांना उचललं. उमेदवारी गेली, चार महिने तुरुंग. तेवढ्यात त्यांच्या थोरलीचं लग्न होतं. कन्यादान चुलत्यानं केलं. मी त्या पंगतीला होतो. जेवलोही.

निजामाचं राज्य गेल्यावर त्याच चिंचेखाली तात्यांचा सत्कार झाला. ते जहाल भाषण समक्ष ऐकलेला माणूस म्हणून मला बोलायला लावलं. बोललो — आणि चांगलं बोललो. तात्या खाली बघत होते.

सभा उठल्यावर मी विचारलंच. इतके दिवस कुतूहल पोखरत होतं — त्या दिवशी ते नेमकं काय बोलले होते?

"गटारावर बोलून राह्यल्तो, मास्तर. बाजारामागचं तुंबल्तं. मंग कोणाचा तरी बैल सुटला अन् लोक उठले." गळ्यातला हार काढून त्यांनी हातावर घेतला. "तुम्ही झोपल्ते. मला वरून दिसत व्हतं."

 

गटार अजून तुंबतं.