भामाच्या अकरा पिवळ्या साड्या

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५. सकाळी गॅसचा सिलिंडर आला. दुपारी पडदे धुतले. मेथी चांगली मिळाली, दोन जुड्या घेतल्या. भामा सव्वाआठला घरी आली. खाली नामदेवरावांनी वरण दुसऱ्यांदा गरम केले.

जामबागच्या कॉन्व्हेंटमध्ये लागलेली ही रोज लिहायची सवय अजून सुटलेली नाही. गेली सोळा वर्षे या रोजनिशीत भामा असते, कारण ती अंबरपेठच्या आमच्या घरात खालच्या मजल्यावर राहते आणि तिचे येणे-जाणे मला जिन्यातून ऐकू येते.

भामा नांदेडकडच्या शेतकरी घरातली. तिचे पती नामदेवराव शाळेत चित्रकला शिकवत. मिठाईची खोकी बनवायला तिने पुढच्या खोलीत सुरुवात केली, तेव्हा मला रोज उंबऱ्यावर पुठ्ठ्याचे तुकडे सापडत. आज कुकटपल्लीच्या पुढे एका औद्योगिक वसाहतीत तिची शेड आहे. औषधांच्या बाटल्यांची खोकी तिथे तयार होतात. कामाला अकरा बायका. भामाच्या नखांत खळ सुकलेली असते, आणि लग्नाला जातानासुद्धा ती पूर्ण निघत नाही.

वसाहतीतल्या कारखानदारांची एक संघटना आहे. तिची पत्रे घरी येतात ती ‘श्री. नामदेवराव’ या नावाने. ते ती मोठ्याने वाचून दाखवतात.

“भामा, ऐक गं, मला उद्योगपती म्हणतायत.”

“मग उद्या तुम्हीच जा शेडवर. गोंदाचा डबा कुठं असतो ते तरी माहीत आहे का?”

संघटनेचे अध्यक्ष एकनाथराव. सिमेंटच्या पाइपांचा मोठा कारखाना. त्यांच्याभोवती एक औषधवाले, एक गोदामांचे मालक, एक हॉटेलवाले. चौघांचे धंदे वेगवेगळे, पण फोनमध्ये मंत्र्यांचे नंबर तेच. दसऱ्यानंतर त्यांच्यापैकी कुणीतरी एक फोन केला आणि वसाहतीच्या आत येणारी सिटी बस बंद झाली. ट्रक वळवायला तेवढीच जागा होती म्हणे. बस आता हमरस्त्यावरच थांबते. तिथून शेडपर्यंत दीड किलोमीटर, दिवे नाहीत, दोन्ही बाजूंना ट्रक उभे.

तेव्हापासून भामा रोज काम सुटले की अकरा जणींना घेऊन चालत हमरस्त्यावर जाई, शेवटची बसमध्ये चढेपर्यंत थांबे आणि मग स्वतः घरी निघे. म्हणून सव्वाआठ.

“काकू, शेडवरच्या राणीला तिच्या सासूनं सांगितलंय,” एकदा ती जिन्यातच बसून म्हणाली. “डिसेंबरपासून अंधारात यायचं असेल तर काम सोड. राणी गेली की तिच्या गल्लीतल्या चौघी जातील. मग मी काय, एकटी खोकी चिकटवत बसू?”

“एकनाथरावांना बोललीस का?”

“बोलले की. म्हणाले, भामाताई, हा बायकांचा विषय, आठ मार्चला घेऊ. मी म्हटलं, साहेब, आत्ता नोव्हेंबर चालू आहे. तर म्हणतात, मग तयारीला वेळ आहे की!”

ती हसत होती, पण पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती. तिला काळजी वाटली की ती असेच करते.

त्याच आठवड्यात एक मंत्री वसाहतीत येणार असे ठरले. वीजदराबद्दल निवेदन द्यायचे होते. ते भामानेच तयार केले, तिच्याकडे सगळ्यांच्या बिलांची माहिती होती. इंग्रजी स्वागतपत्र एकनाथरावांनी माझ्याकडून लिहून घेतले. शिष्टमंडळात मात्र भामाचे नाव नव्हते. तिच्याकडे काम दिले ते निराळेच: बायका आणा, एकसारख्या साड्या, हातात आरतीचे ताट, फाटकापासून दोन रांगा. मंत्री गाडीतून उतरायच्या आत ओवाळायचे, पाकळ्या टाकायच्या.

“पिवळ्या साड्या असू द्या. फोटोत छान दिसतात,” एकनाथरावांनी फोनवर सांगितले. फोन स्पीकरवर होता, मी तिथेच मेथी निवडत होते.

“हौ साहेब. किती वाजता?”

“नऊला. साडेआठला सगळ्या फाटकाशी हव्यात.”

“बस हमरस्त्यावर सोडते, साहेब.”

“मग तुमचा टेम्पो आहे ना?”

“टेम्पोत माल भरलाय.”

“बघा बाई कसं ते. पण पोचा.”

शुक्रवारी, एकवीस तारखेला, मीही गेले. रिक्षाने आत आले आणि शेवटच्या रांगेत खुर्ची मिळाली. पावणेनऊ झाले तरी फाटकाशी कुणी बाई नव्हती. एकनाथराव घड्याळ बघत होते, हॉटेलवाले फुलवाल्यावर खेकसत होते. बरोबर नऊला मंत्र्यांची गाडी आली, थांबली, पण दार उघडेना. ओवाळल्याशिवाय मंत्र्यांना उतरवायचे नाही, असे संघटनेनेच त्यांच्या माणसांना कळवून ठेवले होते. ताटे नाहीत म्हणून मंत्री गाडीत, आणि सगळे कारखानदार उन्हात काचेला नमस्कार करीत उभे.

दहा मिनिटांनी त्या आल्या. पुढे भामा, मागे एका ओळीत अकरा पिवळ्या साड्या, पायांवर धूळ, ताटातली निरांजने वाऱ्याने विझलेली. राणीच्या साडीचा काठ ट्रकच्या ग्रीसने काळा झाला होता.

मंत्र्यांनी काच खाली केली. “अम्मा, तुम्हीच का रस्त्यावर चालत होतात? माझी गाडी तुमच्या बाजूनेच आली.” हे सारे तेलुगूत.

भामाचे तेलुगू तिच्या कामगारांकडून शिकलेले, मोडके पण खणखणीत. “हो सर. बस आत येत नाही. रोज असंच चालतो. संध्याकाळी अंधारात.”

“का येत नाही?”

भामाने एकनाथरावांकडे पाहिले, सगळ्यांनीच पाहिले. एकनाथराव म्हणाले, “सर, तो विषय आमच्या अजेंड्यावर आहेच.”

“मग वीजदराच्या आधी तोच घेऊ,” मंत्री म्हणाले आणि ओवाळून न घेताच उतरले.

परत येताना मी तिला विचारले, “भामा, टेम्पोत खरंच माल होता का गं?”

“होता की, काकू. थोडा.” मग ती घरापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली आणि तिचे खांदे हलत होते.

संघटनेच्या मासिकात फोटो आला: अध्यक्षांच्या प्रयत्नांना यश. भामाचा फक्त हात दिसतो, ताट धरलेला. खाली छापले आहे, ‘श्री. नामदेवराव यांच्या संस्थेतर्फे स्वागत.’

“मी तर त्या दिवशी दळण आणायला गेलो होतो,” नामदेवराव म्हणाले. भामाने ते पान कापून शेडमध्ये गोंदाच्या डब्यावर चिकटवले.

बस पुन्हा आत येऊ लागली, पण पूर्वीसारखी दिवसभर येत नाही. सकाळी एक, संध्याकाळी एक. राणी राहिली.

सोमवार, १ डिसेंबर २०२५. पाण्याची मोटर दुरुस्त झाली. भामा सात वाजता घरी. खाली वरण एकदाच गरम केले.