नाकावरचं शिंग

औशाच्या संगप्पा पेंटरनं आयुष्यात काढलेली एकही रेघ पुसली नव्हती, आणि हे तो चहाच्या टपरीवर रोज कुणाला तरी ऐकवायचाच. पाट्या आणि नंबरप्लेटा रंगवून पोट भरणारा हा माणूस. पण जीव जडला होता तो वेशीवरच्या शाळेच्या भिंतीवर. तिथं वीसेक वर्षांपूर्वी एका जुन्या पुस्तकात बघून त्यानं इग्वानोडॉन नावाचा डायनासोर काढला होता. चार पायांवर उभा, हत्तीएवढा, नाकावर टोकदार शिंग. बैलांची शिंगं रंगवून हात बसलेला, म्हणून याही शिंगाला हिंगूळ फासला आणि टोकाला बैलाला घालतात तशी पितळी शेंबी काढली. झालं! पोळ्याला बैल मिरवत नेणारे लोक उरलासुरला हिंगूळ त्याच्याही शिंगाला लावू लागले. म्हातारा दगडोबा तर हातसुद्धा जोडायचा.

विघ्न आलं ते घरातूनच. लेक स्वप्नाली त्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागली आणि पहिल्याच महिन्यात वर्गात सांगून बसली, की ते शिंग नाही, अंगठ्याचं हाड आहे. पोरांनी ते गावभर केलं. चुकीचं चित्र नको, पोळा झाला की भिंतीला चुना मारू, असं मुख्याध्यापकांनी ठरवलं. माझे अप्पा ते दुरुस्त करतील, असा शब्द स्वप्नाली देऊन आली. अप्पा मात्र फुगून बसले. मारा म्हणाले चुना.

दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढता वाढता लेकीनं सगळी हकिगत सांगितली. विलायतेत एका डॉक्टरला आधी नुसते दात आणि थोडी हाडं मिळाली होती. त्यातलं टोकदार हाड कुठलं ते उमजेना, म्हणून नाकावर बसवलं. तसले पुतळे लंडनच्या बागेत आजही उभे आहेत. पुढं बऱ्याच वर्षांनी बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत अख्खे सांगाडे निघाले, आणि एकेकाला तसली दोन-दोन हाडं.

संगप्पाचा घास हातातच राहिला. "दोन? मग नाकं किती?"

"एकच, अप्पा."

तिथंच गडी विरघळला. पण लगेच हार मानेल तर तो संगप्पा कसला! त्यानं पायांची चौकशी केली. शास्त्रज्ञ शहाण्यांनी त्या प्राण्याला मधे काही वर्षं दोन पायांवर, शेपटी टेकवून उभा केला होता. आता पुन्हा वाकवून बहुतेक वेळ चार पायांवर चालवतात, असं लेकीनं खरं ते सांगितलं. म्हणजे संगप्पाचे पाय पहिल्यापासून बरोबर! त्या खुशीत अर्धी भाकरी जास्त गेली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शिडी लागली. शिंग खरवडताना त्याचे डोळे भरून आले. टर्पेंटाइन झोंबलं म्हणाला. दुसऱ्या दिवशी दगडोबा हिंगूळ घेऊन नाक शोधत राहिला, मग दोन अंगठ्यांवर तसलीच टोकं बघून दुप्पट रंग लागणार म्हणून कुरकुरला, पण लावला.

भिंतीच्या कोपऱ्यात 'संगप्पा पेंटर, औसा' असं होतंच. त्याखाली आता 'दुरुस्त केलं' लिहून साल टाकलं होतं, आणि त्याखाली वीतभर जागा कोरी. ही कशाला, असं स्वप्नालीनं विचारलं.

"तुझ्या शहाण्यांचा काय भरवसा? उद्या अजून काही सापडलं, तर मी असेन का न्हाई. ब्रश घरातच हाय. तिथं तुझं नाव टाक."