काळ्या मातीतले बारा गुलाब

फूल पाहून गुलाब निवडणारा माणूस मूर्ख. हे मी पाठीमागे कधी बोललो नाही, तोंडावरच बोललो. फूल कोणतंही झाड देतं. मरायला टेकलेलं झाड तर दोन जास्तच देतं. झाड पाहायचं ते भादव्यात, पंधरा दिवस झड लागून राहिल्यावर. तेव्हा पान जाड, हिरवं आणि बुडापर्यंत अंगावर असेल तर लावायला काडी मागून घ्यावी. पानावर काळे ठिपके, खालची दांडी नागडी, शेंड्यावर पिठासारखी भुरी, असं दिसलं तर फूल थाळीएवढं का असेना, पुढे चालू पडावं. मी शाळेत गेलो चार महिने, पंतोजीच्या पडवीत. अक्षर लागलं तेवढ्यात बापाने बागेत ओढलं. त्यामुळे हे पोथीतलं ज्ञान नाही.

आम्ही फुलांच्या धंद्यातले. अमरावतीत परकोटाच्या आत, पडक्या घरांच्या जागेवर आमचा तुकडा होता. शेताची ती काळी आणि गावाची ती पांढरी, हे वऱ्हाडात सगळ्यांना माहीत. पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोसळलेल्या भिंतींची माती, चुलीची राख, खापरं. पेरायला कामाची नाही, म्हणून कोणी तिला विचारत नव्हतं. पण तिच्यात पाणी थांबत नाही, आणि गुलाबाला तेच पाहिजे असतं. आमची चांगली झाडं सगळी एका झाडाच्या काड्यांपासून झालेली. परतवाड्याच्या वाटेवर एका पीराच्या थडग्यापाशी ते उभं होतं. पाणी कोणी घालत नव्हतं, बकऱ्या ओरबाडत होत्या, तरी ऐन भादव्यात पान तेलकट हिरवं. बापाने मुजावराला विचारून तीन काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून पायी आणल्या. फूल लहान, रंग साधा, पण बारमाही, आणि वास गल्लीच्या तोंडापर्यंत. दसरा झाला की आम्ही त्यांची छाटणी करायचो, बुडाची माती उकरून मुळं आठ दिवस उन्हात उघडी ठेवायचो, मग शेणखत भरून पाणी. शेजारचे म्हणायचे, झाडं मारली. दिवाळी उलटली की तेच शेजारी भिंतीवरून फूल मागायचे.

नवरात्रात नऊ दिवस देवीच्या गळ्यातली गुलाबाची माळ आमच्या घरची. आजोबापासून तो मान होता. त्यात कमाई नव्हती. पण ज्याची माळ देवीला, त्याचीच फुलं गावातल्या लग्नांना. आणि मान एकदा हातचा गेला की परत येत नाही. एका माळ्याचा तसा गेलेला मी पाहिला होता. बाप गेल्यावर ही माळ माझ्यावर आली, आणि त्याच वर्षी ती जाण्याची पाळी आली.

सात समुद्रापलीकडे कोणाची तरी लढाई लागली होती आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. माणसं पिसाळली. उकिरडे सपाट करून सरकी टोबली. एकाने तुळशीवृंदावनाभोवती कापसाची पऱ्हाटी लावली आणि तो शहाणपणा चारचौघांत सांगितला. भिंतीला भिंत लागून आमचा शेजारी एक पाटील. कालपर्यंत आमच्याच आडावर दात घासणारा माणूस, आता जरीचं उपरणं घेतल्याशिवाय ओट्यावर येईना. कापसाच्या गाड्या घेऊन तो अकोल्याला गेला, तिथे एका साहेबाच्या बंगल्यापुढे विलायती गुलाब पाहिले, आणि फुगून परत आला. मुंबईहून बारा झाडं मागवली. आगगाडीने रूळ होते तिथपर्यंत, तिथून बैलगाडीत, खाली गादी अंथरून. त्याच्या पोरीची पाठवणी अशी झाली नव्हती. एकदोन झाडांवर फुलं होती, वाटीएवढी. मी वास घेतला. धुतलेल्या धोतराला येतो तेवढा आला.

तो नुसता लावून थांबला असता तर माझं काही जात नव्हतं. पण त्याने देवळातल्या गुरवाला बोलावून फूल दाखवलं. गुरव मला सांगायला आला तेव्हा नजर वर करत नव्हता.

"यंदाची माळ पाटील देतो म्हनते. मोठं फूल हाये. देवीच्या अंगावर भरून दिसन."

"आन् तुमी काय म्हनलं?"

"मी काय म्हनतो बाप्पा. सभामंडपाची फरशी त्यानंच दिली."

माझी बायको आतून बोलली, "मंग फरशीलेच माळ घाला."

गुरव उठून गेला. जो माणूस फरशीवरून घसरतो त्याच्याशी काय बोलायचं.

झाडं लावायच्या दिवशी मात्र मी पाटलाकडे गेलो. शेजारधर्म म्हणून गेलो, विनवायला नाही. परसात मुरुमात कमरेएवढे बारा खड्डे खणले होते आणि त्याच्या सगळ्यात उत्तम शेतातली काळी माती गाड्या भरभरून येत होती.

"पाटील, काळीत गुलाबाचे पाय सडतेत. खड्ड्यात पानी अडून राहीन. माह्या तुकड्यातली पांढरी न्या पाहिजे तर."

"खापरं घालू म्हनता? माळीबुवा, ही माती पाहा. या मातीनं मले मानूस केलं, अन् गुलाब नाई होनार इच्यात?"

"गुलाबाले कापूस नाई व्हायचं."

"जळून राहिलं तुमाले. सांगा ना सरळ."

मी परत फिरलो. एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगायची आमच्याकडे रीत नाही.

पाऊस लागला. मुरुमातला खड्डा आणि त्यात काळी माती, म्हणजे कढईच. पाणी जाणार कुठे? श्रावणात पानं पिवळी पडली, मग त्यावर काळे ठिपके, मग खालून वर एकेक फांदी नागडी. पाटलाने उपाय केले. बुडात दूध घातलं. दृष्ट लागली म्हणून बिब्बे आणि लिंबं बांधली. पावसाने होतंय असं कोणी सांगितलं, तर कापडाचा मांडव घातला, वारा बंद केला, आणि वरच्या कोंबांवर भुरी बोलावून घेतली. चार झाडांना बुडातून लांब, काटेरी, हिरवेगार फोक फुटले. पाटील लोकांना बोलावून दाखवायचा, झाडानं धरलं म्हणायचा. अरे, ज्या रानटी खुंटावर विलायती गुलाबाचा डोळा बांधून कलम केलं होतं तो खुंटच फुटला होता. डोळा कधीच वाळून गेला होता. रानटी फोकाला रोज दूध पाजणारा पाटील मी तेवढा एकच पाहिला.

पण रोगाला शेजाऱ्याची भिंत कळत नाही. त्याची गळलेली पानं वाऱ्याने आमच्याकडे यायची, आणि आमची भिंतीलगतची एक ओळ बाधली. ती ओळ पीराच्या काडीची नव्हती. नागपूरच्या एका बागेतून, रंग चांगला दिसला म्हणून, मीच आणली होती. तेव्हा मी विशीत होतो आणि बाप नको म्हणत होता. ठिपक्यांची पानं रोज वेचून जाळली, राख उडवली, काही उपयोग झाला नाही. बाकीच्या झाडांना त्याच वाऱ्याने, त्याच पावसात काही झालं नाही. भादव्याच्या शेवटी मी भिंतीलगतची सगळी ओळ उपटली आणि चुलीत घातली. तिच्यावर कळ्या होत्या. बायकोने त्या एकेक मोजल्या होत्या. तेवढ्या कळ्यांनी माळ हातभर लांब झाली असती.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पाटील परसदाराने आला. उपरण्याखाली रिकामी टोपली होती.

"फुलं पाहिजेन नऊ दिवसाची," तो म्हणाला. "मांगसान ते देतो. फक्त माह्या टोपलीत द्या."

"अन् माळ कोनाची म्हनून जाईन?"

"गावभर सांगून बसलो ना मी. थोडं समजून घ्या."

"पाटील, तोंड तुमचं, फुलं माही. सांगतानी मले विचारलं होतं का?"

बायको तिथेच वाती वळत होती. ती म्हणाली, "भाऊजी, ते लांब फोक हायेत ना तुमचे, चांगले धरलेले. त्याईचीच माळ करा." मग तिने बसायला पाट दिला, पाणी दिलं. तो पाणी प्यायला आणि टोपली घेऊन गेला.

संध्याकाळी गुरव आला. आता त्याला फरशी आठवत नव्हती.

"माळ तुमचीच हाये, पहिलेपासून," तो म्हणाला. "पन पायापर्यंत आली पाहिजे. कमी पडलं तं मधात झेंडू घाला."

"झेंडू नाई घालत. तिची माळ गुलाबाची."

"मंग आखूड होईन. लोक हासतीन. पुढच्या वर्षी दुसऱ्याले द्या म्हनतीन."

ते खरं होतं. मान पाटलाच्या हातून सुटला होता, पण माझ्या हातातही धड नव्हता. आखूड माळेने तो जाऊ शकत होता. मी पहाटे फुलं मोजून तोडली. जी निरोगी झाडाची, पूर्ण उमललेली, तेवढीच ओवली. पायाला टेकणारी माळ त्या वर्षी देवीच्या छातीपर्यंत आली.

देवळात पाटील पुढेच उभा होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आखूड हाये."

"हाये," मी म्हणालो. "जेवढी धड फुलं होती तेवढी आनली. रोगट झाडाचं फूल देवीच्या गळ्यात घालायची चाल आमच्यात नाई."

कोणी हसलं नाही. गुरवाने माळ घातली. गाभारा लहान, त्यात वास भरला, आणि मागच्या बायका पुढे सरकल्या. नऊही दिवस माळ आखूडच गेली. झेंडूचं नाव गुरवाने पुन्हा काढलं नाही, आणि पुढच्या वर्षी माळेचं विचारायला तो पाटलाच्या ओट्यापुढून चालत आमच्या दारी आला.