शेंदरी झालेला जांभळा दगड

तिसगावच्या गोजरबाईंना मोबाईलची तशी गरज नव्हती. ओट्यावरून हाक मारली की बाजारतळापर्यंत ऐकू जायची. या तोंडापायीच पुण्याहून दिवाळीला आलेली त्यांची सून राजनंदिनी भाऊबीजेआधीच परत निघून गेली आणि पुन्हा फिरकली नाही. गोजरबाईंना रिकामं घर खायला उठायचं. सून यावी असं फार वाटायचं, पण ते बोलून दाखवतील तर त्या गोजरबाई कसल्या?

सून आली नाही, तिनं दगड पाठवला. बाहेरून ओबडधोबड, आतून पोकळ, आणि पोकळीत जांभळे लखलखीत स्फटिक. "जवळ ठेवला की मन शांत होतं, आई. शोकेसमध्येही छान दिसतो," ती फोनवर म्हणाली. गोजरबाईंनी तो साऱ्या आळीला दाखवला. शेजारच्या लंकाबाई म्हणाल्या, "असल्या गारगोट्या आमच्या हिरीत लई निघाल्या." झालं! सुनेच्या दगडाची बाजू घेऊन गोजरबाई जेवणवेळ टळेपर्यंत भांडल्या. शांतीचा पहिला दिवस असा पार पडला.

मग त्यांच्या ध्यानात आलं, की नुसत्या दगडाला गुण येईल कसा? त्यांनी त्याला तेल-शेंदूर फासला, अगदी फटीफटीतून, आणि देव्हाऱ्यात कानिफनाथांच्या तसबिरीशेजारी बसवला. पण देव्हारा पडला बसायच्या खोलीत. आता देवादेखत शिवी कशी हासडायची? तोंडाशी आलेले शब्द त्या चहाबरोबर गिळू लागल्या. आळीला चुकल्याचुकल्यासारखं झालं. लंकाबाई तर तब्येतीची चौकशी करून गेल्या.

जवळच्या मढीला कानिफनाथांची जत्रा भरली, तेव्हा राजनंदिनी आली. देव्हाऱ्यात तिला आपला दगड दिसला. एवढासा कोपरा सोडला तर जांभळा रंग कुठेच उरला नव्हता.

"हे काय केलंत, आई? किती हौसेनं निवडला होता मी! माझी एक वस्तू तुम्हाला धड ठेवता येत नाही?" आवाज थेट बाजारतळाला पोचला. तिनं बॅग उचलली.

गोजरबाईंच्या ओठांवर उत्तर तयार होतं, चांगलं धारदार. त्यांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं आणि ते गिळलं.

"हळू बोल, बाई. देव ऐकतोय," त्या म्हणाल्या. "तू धाडलास म्हनून देवात मांडला. तू यावीस म्हनून रोज दिवा लावते."

राजनंदिनीचे डोळे भरून आले. मग बॅग खाली ठेवून ती देव्हाऱ्याजवळ बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"शेंदूर कुठे आहे, आई? हा कोपरा राहिलाय."