डावीकडून चौथा

हंगेरीतल्या फुझेशकुट गावच्या इतिहास मंडळात वाद मिटवायची एकच रीत होती. हात वर करायचे. चर्चची मोठी घंटा कोणत्या साली तडकली, याचा निकाल तीन विरुद्ध एक असा लागला होता. नदीवरचा जुना धक्का गिरणीच्या वरच्या अंगाला होता की खालच्या, यावर दोन-दोन मतं पडली, म्हणून मंडळाच्या पुस्तिकेत तो दोन्हीकडे छापला गेला. मतं समान पडली की दोन्ही छापायचं, हा नियम तेव्हापासून रूढ झाला. बाहेरून आलेल्या एका प्राध्यापकांनी त्यातला नकाशा दोनदा उलटसुलट करून पाहिला होता, पण गावात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

कार्यकारिणीत माणसं चारच. अध्यक्ष ओदोन, निवृत्त जनावरांचे डॉक्टर. समोर गाय असल्यासारखे मोठ्यानं बोलत. मोरित्सनं जन्मभर बस चालवली, आता तो मंडळाचे फोटो कॉम्प्युटरवर घालायचा. विल्मा शाळेत शिकवून निवृत्त झालेली. अठरा वर्षांत तिचा हात ओदोनच्या हाताबरोबर एकदाही वर गेला नव्हता. त्यांच्या सत्तरीला केक आणायचा ठराव आला, तेव्हाही तिनं विरोधात मत दिलं आणि मग दोन तुकडे खाल्ले. चौथी सचिव, बोदनार एतेल्का (आडनाव आधी, तिथल्या रीतीनं), वय एकोणऐंशी. पगार कुणालाच नव्हता. मान होता, तोही गावाच्या मर्जीवर.

एतेल्कानं चाळीस वर्षं पोस्टात काढली, तीही खिडकीवर उभ्यानं. खुर्ची होती, पण तिला बसवतच नसे. लहानपणी आई डोक्याला तेल चोळायला घ्यायची, तर हिची चुळबुळ सुरू. आई कावायची, "बापावर गेलीस अगदी. एका जागी ठरशील तर शपथ." बापाबद्दल आई जन्मात एवढंच बोलली. तो बेचाळीसच्या उन्हाळ्यात रशियाच्या आघाडीवर गेला आणि परत आला नाही. एतेल्का तेव्हा दोन वर्षांची होती. पुढे लढाई गावातूनच गेली, घर जळलं, आणि घरात जे काही फोटो असतील तेही गेले.

मग चौऱ्याहत्तर साली मंडळ सुरू झालं आणि शाळेत पहिलं प्रदर्शन भरलं. त्यात एक मोठा फोटो होता: गावचं अग्निशमन पथक, मे एकेचाळीस. हातपंपाशेजारी नऊ जण ओळीनं उभे, खाली एकाचंही नाव नाही. एतेल्कानं आईला दंडाला धरून त्याच्यासमोर नेलं आणि विचारलं, यात बाबा आहेत का? आई बराच वेळ बघत राहिली. मग डावीकडून चौथ्या माणसावर तिनं बोट ठेवलं. रुंद खांदे, ऐटबाज मिशी, डाव्या कानाचा कोपरा तुटका, पंपावर हात. "हा," ती म्हणाली आणि दारापाशी ठेवायला दिलेला कोट मागायला निघून गेली.

एतेल्कानं तो चेहरा मोठा करून घेतला, चौकटीत बसवला आणि कपाटावर ठेवला. पंचेचाळीस वर्षं ती संध्याकाळी त्याला दिवसभराचं सांगत आली होती. कुणाची मनीऑर्डर आली, कोण भांडलं, गुडघा कसा आहे. दोन हजार चार साली मंडळाची पुस्तिका निघाली तेव्हा फोटोखाली नावं घालायची वेळ आली. बाकीची कुणी ना कुणी सांगितली. चौथा म्हणजे एतेल्काचा बाप बोदनार गाश्पार, हे तीन विरुद्ध एक मतांनी ठरलं. विरोधात अर्थातच विल्मा. आईचं बोट म्हणजे कागदपत्र नव्हे, असं तिनं ऐकवलं होतं. त्यावरून दोघी वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. नवव्या माणसाचं नाव कुणालाच सांगता येईना. कॅमेऱ्याचं झाकण उघडं असताना त्यानं मान फिरवली असणार, कारण कोटाची बटणं स्वच्छ दिसत होती आणि कॉलरच्या वर नुसता राखाडी फराटा होता. त्याच्याखाली एतेल्कानंच टाइप केलं: अनोळखी (हललेला).

यंदा पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघायची होती आणि नेमकं तेव्हाच ते पत्र आलं. मंडळाची सगळी पत्रं एतेल्काच उघडायची. देब्रेत्सेन शहरातून गेरेब नोएमी नावाच्या बाईनं लिहिलं होतं. आजोबांच्या ट्रंकेत हाच फोटो निघाला, त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं नऊ जणांची नावं आहेत, तुमच्या उपयोगी पडतील. सोबत पाठीची प्रत आणि आजोबांचा म्हातारपणचा एक फोटो. एतेल्कानं नावं मोजली, माणसं मोजली, पुन्हा मोजली. चौथा, गेरेब अंताल. नववा, बोदनार गाश्पार.

म्हातारपणच्या फोटोत तोच माणूस होता, मिशी पांढरी झालेली, डाव्या कानाचा तोच तुटका कोपरा. पत्राप्रमाणे हा त्र्याऐंशी सालापर्यंत जिवंत होता, आगगाडीनं दोन तासांवर.

नऊ दिवस ते पत्र तिच्या पिशवीत राहिलं. तिला काही उमजेना. आई चुकली असेल? नवऱ्याला ओळखायला बाई चुकते का? की बत्तीस वर्षांत चेहरा पुसला गेला? की नवव्याकडे बघून तिला वाटलं, पोरीला हा फराटा काय दाखवायचा, त्यापेक्षा एक धड चेहरा देऊ? चौऱ्याहत्तर साली त्या पथकातल्यांना ओळखणारी म्हातारी माणसं गावात होती. तीही काही बोलली नाहीत, ते का? संध्याकाळी ती कपाटासमोर उभी राही, पण बोलायला तोंड उघडत नसे. परक्या माणसाला गुडघ्याचं काय सांगायचं? तिला आईचा राग आला, मग रडू आलं. पत्र फाडून टाकलं तर कुणाला कळणार होतं? एकदा तिनं ते फाडायला हातात घेतलंही. पण चाळीस वर्षं पोस्टात काढलेल्या बाईच्या हातून पत्र फाटत नाही.

दहाव्या दिवशी, गुरुवारी दुपारी बैठक होती. विल्माचा नामदिन, म्हणजे तिच्या नावाच्या संताचा दिवस, म्हणून तिनं चीज लावलेल्या पोगाचांचं, छोट्या खाऱ्या पावांचं, ताट आणलं होतं. मजकूर सोमवारी छापखान्यात जायचा होता. एतेल्कानं पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "हे वाचा. मला काही कळत नाहीये."

तिघांनी आळीपाळीनं वाचलं. विल्मानं भिंग लावून दोन्ही फोटोंतला कान पाहिला आणि भिंग खाली ठेवलं. एरवी घंटेवरून टेबल बडवणारी माणसं ताटातल्या पोगाचांकडे बघू लागली.

ओदोन खाकरले. पेन्सिलीचं काय, कुणीही कधीही लिहितं, असं म्हणाले, आणि तेही चक्क हळू आवाजात. मोरित्सनं री ओढली. "एतेल्काताई, मिशीवाले सगळे म्हातारपणी सारखेच दिसतात हो. मी आणि माझा सासरा एका फोटोत आहोत, तर बायकोसुद्धा गोंधळते." मग ओदोननी ठराव मांडला: चौथ्या माणसाचं नाव आहे तेच राहावं. बाजूनं कोण?

सगळ्यात आधी विल्माचा हात वर गेला.

त्याच्यापाठोपाठ ओदोनचा, मग मोरित्सचा. एतेल्का बघतच राहिली. नऊ दिवस तिनं मनातल्या मनात हेच मागितलं होतं आणि आता मिळत होतं तर ते तिला नकोसं झालं. पुरावा नव्हता तेव्हा विल्मा भांडली होती. आज पुरावा समोर होता आणि विल्माचा हात ओदोनच्या हाताशेजारी वर होता. यांनाही कळलं होतं तर. एतेल्काला आता शंका उरली नाही.

"विरोधात?" ओदोननी सवयीनं विचारलं.

एतेल्कानं पेन धरलेला हात वर केला.

"खाली घे तो हात, वेडे," विल्मा म्हणाली. "बापाच्या विरोधात मत देतेस?"

"त्याच्याच बाजूनं देतेय, असं वाटतंय. नक्की मलाही सांगता येत नाही."

ओदोन गोंधळले. म्हणजे आता काय ठरलं, त्यांनी विचारलं. एतेल्कानं इतिवृत्तात लिहिलं, तीन विरुद्ध एक, ठराव मंजूर. मंडळाच्या नियमानं गेरेब अंताल तिचा बाप ठरला होता. लिहून झाल्यावर ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली, खुर्ची ओढली, पण बसली नाही.

विल्मा डोळे पुसत होती आणि चिडतही होती. "अध्यक्ष महाराज, चहा झाला की दुसरी बैठक बोलवा," ती म्हणाली. "त्यात मी हिच्या बाजूनं हात वर करते. दोन-दोन झालं की दोन्ही छापतो आपण. चौथ्याखाली दोन नावं घाला, नवव्याखालीही दोन." मग ती एतेल्काकडे वळली. "आणि तू बस बाई आता. कधीची बघतेय, एका जागी ठरशील तर शपथ."

एतेल्का जागच्या जागी थांबली. तिनं फोटो पुढे ओढला. आठ जण कॅमेऱ्यासाठी श्वास रोखून उभे होते आणि टोकाला तो नववा. त्याच्यानं दोन क्षणसुद्धा स्थिर राहवलं नव्हतं. आईनं चेहरा दुसऱ्याचा दाखवला होता, पण खरं काय ते ती रोज तेल चोळताना सांगत आली होती.

तिनं छापखान्याचा मजकूर घेतला, चौथ्याची ओळ दुसऱ्या बैठकीवर सोडली, नवव्याच्या ओळीवर पेन टेकवलं आणि 'अनोळखी' खोडून वर बोदनार गाश्पार लिहिलं. मोरित्सनं विचारलं, कंसातलं 'हललेला'ही खोडू का?

"नको," एतेल्का म्हणाली. "ते राहू दे."